सहाव्या माणसाचं पाणी

१

आमच्या घरी अंघोळीचा क्रम ठरलेला आहे. पहिला भाऊ, कारण त्याची ऑफिसची बस साडेसातला कोपऱ्यावर येते आणि कोणासाठी थांबत नाही. मग थोरली भाची, मग भावजय, मग धाकटी भाची, जिला अंथरुणातून उठवण्यातच माझी निम्मी ताकद जाते. शेवटी दहा वाजता नाना, म्हणजे आमचे वडील. त्यांना मी खालच्या बाथरूममध्ये खुर्चीवर बसवून अंघोळ घालते. तोवर आमचा बॉयलर धापा टाकायला लागलेला असतो.

बाकी प्रत्येकाच्या वेळी मी दारावर एकदा टकटक करते. पाणी गरम येतंय ना, एवढंच विचारायचं असतं. आतून प्रश्न येतो, "कोण आहे?" मी म्हणते, "कोणी नाही. होऊ दे निवांत." अकरा वर्षं हेच चाललंय. आईच्या आजारपणात मी चार महिन्यांसाठी म्हणून आले होते. आई गेली, मग नाना पडले, आणि माझी बॅग माळ्यावर गेली ती गेलीच.

माझी अंघोळ स्वयंपाकघरामागच्या कपडे धुवायच्या खोलीत. शेगडीवर एक किटली तापवायची, बादलीत ओतायची, गार पाण्याची भर घालायची आणि कोमट असेपर्यंत आटपायचं. हिवाळ्यात खांदे इतके आखडतात की नानांना उचलताना डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मला आयुष्याकडून फार काही नको होतं. अंगावर दहा मिनिटं कढत पाणी, आणि दाराबाहेर कोणी नाही, एवढंच हवं होतं.

म्हणून बॉयलर अखेर गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि मला मात्र आतून बरं वाटलं.

घर तीन मजली, खोल्या अकरा, बाथरूम तीन. तळमजल्यावर नाना आणि मी. पहिल्या मजल्यावर भावाचा संसार. दुसरा मजला बंदच असतो. जुनी गाद्या-कपाटं, आईचं शिवणयंत्र आणि एक बाथरूम, ज्यात आता पडद्यांच्या काठ्या ठेवतात. बॉयलरवाले आले ते साठीचे, शांत, डॉक्टरांसारखे एकेक प्रश्न विचारणारे गृहस्थ होते. त्यांनी पाइप मोजले, नळ मोजले, पाणी वरच्या मजल्यावर गरम होऊन पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं लागली. मग वही काढून त्यांनी विचारलं, घरात माणसं किती.

"पाच," मी म्हणाले.

२

भावाने माहितीपत्रकांचा गठ्ठा आणून टेबलावर टाकला होता. त्याला भिंतीवरचा छोटा बॉयलर हवा होता, नळ उघडला की तापवणारा. टाकी नको, जागा अडवणार नाही. भावजयीला टाकीचाच हवा होता, कारण छोट्या बॉयलरवर एका वेळी एकच शॉवर चालतो आणि दोन मुली असलेल्या घरात त्यावरून रोज महाभारत होईल. नवराबायको आठ दिवस यावर बोलत होते. मी पोळ्या लाटत ऐकत होते. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी तुम्ही म्हणाल ते, असंच म्हणाले असते.

बॉयलरवाल्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि ते म्हणाले की आधी एक आठवडा मोजू. प्रत्येक मजल्याला जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर त्यांनी काडेपेटीएवढी यंत्रं चिमट्याने बसवली. पाइप कधी तापला, किती वेळ तापलेला राहिला, हे त्यात नोंदलं जातं. शिवाय एक छापील तक्ता दिला. कोण, किती वाजता, किती मिनिटं. हे सगळीकडे करतात म्हणे. "लोक आपल्या अंघोळीबद्दल कायम कमी सांगतात," ते म्हणाले. "पाइप खरं सांगतो."

तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला टाचणीने लावला आणि भरायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. मी रोज इमानेइतबारे पाच ओळी भरल्या.

एक गोष्ट सांगायला हवी. नानांच्या पलंगाला लागून असलेल्या भिंतीतून वर जाणारा पाइप आहे. गरम पाणी त्यातून गेलं की तो तापतो आणि आत टकटक वाजतो. सकाळी वाजतो ते ठीकच. पण दुपारी पावणेचारच्या सुमारालाही वाजायचा. त्या वेळेला मी नानांचे पाय चोळत असते. घरात तिसरं कोणी नसतं. जुना पाइप, थंड होताना आकसत असेल, असं मी स्वतःला कधीतरी सांगितलं होतं आणि पुन्हा त्याचा विचार केला नव्हता.

त्या आठवड्यात एकदा पाइप वाजला तेव्हा नानांनी डोळे उघडून वर बघितलं. म्हणाले, "गेली वाटतं अंघोळीला."

मी विचारलं, कोण गेली.

"तू," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले. नानांचं हल्ली असंच असतं. कधी ते मला आई समजतात, कधी नर्स.

३

आठवड्याने, रविवारी, बॉयलरवाले आलेख घेऊन आले. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. तीन मजल्यांच्या तीन रेघा, आणि पाइप तापला तिथे उंचवटा. भावाच्या अंघोळीची बावीस मिनिटं बघून मुली खूप हसल्या, कारण त्याने मला दहा लिहायला लावली होती.

मग त्यांनी तिसऱ्या रेघेवर पेन्सिल ठेवली. दुसरा मजला. रोज दुपारी पावणेचार, अठरा मिनिटं. सातही दिवस.

"तुम्ही पाच म्हणालात," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "अंघोळी सहा होतायत."

भावजयीने भावाकडे बघितलं. मी बंद खोल्या, मागचं दार, गच्चीचं कुलूप, सगळं मनातल्या मनात तपासत होते.

आणि धाकटी एकदम हसायला लागली. म्हणाली, आत्याने स्वतःला मोजलंच नाही.

मग काय, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हसून हसून पुरेवाट झाली. भाऊ म्हणाला, ताई, धन्य आहेस, खानेसुमारीवाले आले तर आम्ही तुला कुठे लपवायचं. बॉयलरवालेही हसले, म्हणाले की असं होतं, मोजणारा माणूस बरेचदा राहून जातो. भावजय तेवढी थोडी खजील झाली होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, बरं करता ताई, दुपारी सगळे बाहेर असतात तेव्हा वर जाऊन निवांत अंघोळ करता, तेवढंच तुम्हाला. धाकटीने उठून तक्त्यावर सहावी ओळ लिहिली. आत्या, पावणेचार, अठरा मिनिटं.

मीसुद्धा हसत होते. खरंच मी स्वतःला मोजलं नव्हतं, आणि मोजणारी मीच होते, हे मजेशीरच होतं.

पण मी त्या घरात अकरा वर्षांत एकदाही बॉयलरच्या पाण्याने अंघोळ केलेली नव्हती. हे फक्त मला माहीत होतं. त्या हसण्यात मला ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर आधी विचारलं गेलं असतं की मग तू कुठे करतेस, आणि त्याचं उत्तर देताना मला रडू आलं असतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर मी वर गेले. गळती असणार, असं मी जिना चढताना ठरवलं होतं. एखादी चकती झिजली असेल आणि पावणेचारला खालच्या टाकीत पाणी येतं तेव्हा दाब वाढून नळ सुटत असेल. पटण्यासारखं होतं. मला पटत आलंही होतं.

बाथरूमचं दार लोटलेलं होतं. पडद्यांच्या काठ्या बाहेर काढून भिंतीला नीट उभ्या केल्या होत्या. आत फरशी स्वच्छ होती. आमच्या घरात जी वस्तू मी स्वच्छ करत नाही ती स्वच्छ होत नाही, म्हणून मी बराच वेळ त्या फरशीकडे बघत राहिले. साबणाच्या वडीवर अजून ओल होती.

आणि दांडीवर माझा निळा टॉवेल वाळत होता.

हा जाड टॉवेल आईने दिलेला. वापरून खराब होईल म्हणून मी तो वरच्या कपाटात, मूळच्या पिशवीत ठेवला होता. कधीतरी कुठेतरी जाईन तेव्हा काढू. तो घडी घालून, कडेला कड जुळवून, दोन चिमटे लावून टांगला होता. चिमटे मी नेहमी उलटे लावते, लोखंडाचा डाग पडू नये म्हणून. हेही उलटे होते.

मी नळ तपासला. थेंबही गळत नव्हता.

झोपेत चालणारी माणसं असतात, असं मी वाचलं आहे. पण मी दुपारी झोपत नाही. विसरभोळेपणा म्हणावा, तर अंघोळ केल्यावर केस तरी ओले राहिले असते. माझे खांदे तरी दुखायचे थांबले असते. मी तिथेच टबाच्या कडेवर बसले आणि फार दमल्यासारखं वाटलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण ती वाटून घ्यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

५

त्या आठवड्यात भावजय एके दिवशी अर्धी रजा टाकून लवकर घरी आली होती. मी नानांच्या औषधांसाठी गेले होते आणि दुकानात दोन तास रांगेत अडकले. आले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. भावजय स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत भाजी चिरत होती. तिने मला बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं ओसरलं.

म्हणाली, "मघाशी किती छान दिसत होतात ताई. केस मोकळे, चेहरा कसा टवटवीत. पुन्हा कशाला ही जुनी साडी नेसलात?"

मी विचारलं, मघाशी म्हणजे कधी.

"अहो, चारला. आपण चहा नाही का घेतला? किती वर्षांनी एवढ्या गप्पा मारल्या आपण." ती पुढेही बोलत होती. नानांनीही आज तुमच्या हातून वाटीभर खीर खाल्ली, एकदाही नाही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या खोलीत डोकावले. त्यांचे पाय कोणीतरी छान चोळून दिले होते. त्वचा मऊ होती. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, जसं ते नर्सकडे बघून वळवतात.

मी किटली तापत ठेवली. जे येत होतं ते कोणाला घाबरवायला येत नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं. ते माझ्याहून बरं होतं. त्याला रोज कढत पाणी मिळत होतं, आणि कढत पाणी मिळालेला माणूस दुसऱ्याशी गोड बोलू शकतो. माझ्या घरात माझी जागा होती ती कष्टाची. ती जागा कोणी मागेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

६

शुक्रवारी बॉयलरवाल्यांचा फोन आला. भाऊ ऑफिसात होता, म्हणून मी घेतला. टाकीचा बॉयलर घ्यायचं नक्की झालं होतं, आता फक्त आकार सांगायचा होता. पाचजणांची टाकी तशी बसेल, सहाजणांची थोडी मोठी, तिला मागची फळी काढावी लागेल. तुमच्या भावाने तुम्हाला विचारायला सांगितलंय, ते म्हणाले.

मी विचारलं, पाचची घेतली तर.

"तर शेवटच्या माणसाला गार पाणी. रोज. माणसामागे पन्नास लिटर धरतो आम्ही, त्यात चमत्कार होत नाही."

मी रिसीव्हर धरून उभी राहिले. पाचची घ्यावी, गारठून जाऊ दे तिला, असं एकदा मनात आलं. पण ती येते पावणेचारला, टाकी भरून तापलेली असते तेव्हा. गार पाणी नानांना मिळेल किंवा मला. सातची मागितली असती तर सातवं कोण, ते सांगावं लागलं असतं, आणि सातवी म्हणजे तिला हक्काने घरात घेतल्यासारखंच झालं असतं.

"सहा," मी म्हणाले. "सहावी मी आहे. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. माझा आवाज इतका मोठा निघाला होता की आतून नानांनी कोण आहे म्हणून विचारलं. मी, असं मी म्हणाले. हे म्हणताना मला बरं वाटलं, हे कबूल करते. सहाव्या माणसाचं पाणी माझं होतं आणि मी ते घेणार होते. तिच्याआधी वर जायचं, दार लावायचं आणि आपलं पाणी आपण घ्यायचं. इतकी साधी गोष्ट होती.

नवी टाकी बुधवारी बसली. पांढरी, माझ्या खांद्याएवढी उंच. त्यासोबत एक छोटा पंप बसवला, जो गरम पाणी पाइपांतून सतत फिरवत ठेवतो. आता वरच्या मजल्यालाही चार मिनिटं थांबायला नको. बॉयलरवाल्यांनी मला नळ उघडून दाखवला. हात भाजला. आणि पाइप आता थंड होत नाहीत, तर वाजणारही नाहीत, ते म्हणाले. नानांची झोपमोड होणार नाही.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आता वर कोणी अंघोळीला गेलं तर मला कळायचं काहीच साधन उरलं नाही.

७

गुरुवारी थोरलीला कॉलेज नव्हतं आणि भावजयही घरी होती. मी थोरलीला सांगितलं की साडेतीनला तू नानांजवळ बस, मला अंघोळीला जायचंय. ती हो म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही, तक्त्यावर लिहिलेलंच होतं.

तीनपासून माझं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेतीनला मी कपाटातून धुतलेले कपडे काढले आणि नानांनी पाणी मागितलं. ते पाजेपर्यंत त्यांच्या अंगावर सांडलं. सदरा बदलला. चादर बदलली. थोरली आली होती, पण नाना तिच्या हातून सदरा घालून घेईनात. ती म्हणाली, राहू दे आत्या, मी करते, तू जा. मी म्हणाले, झालंच. मला त्याच वेळी जाता आलं असतं. कोणी मला धरून ठेवलं नव्हतं. मी चादरीचे कोपरे नीट खोचले, ओला सदरा भिजत घातला आणि मग जिना चढले. पहिल्या मजल्यावरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती.

दुसऱ्या मजल्यावर हवा उबदार होती. बाथरूमचं दार बंद होतं आणि खालच्या फटीतून उजेड आणि वाफ येत होती. दारात चपलांचा जोड होता. तो माझाच, निळ्या पट्ट्यांचा. मी खाली बघितलं. माझ्याही पायात तोच होता, फक्त टाचेला झिजलेला. दारातला जोड नवा वाटत होता.

दाराच्या वरच्या भागात खरखरीत काच आहे. तिच्यामागे कोणीतरी दोन्ही हात वर करून केसांवरून पाणी घेत होतं. खांदे अगदी सहज वर उचललेले होते. मला तसे हात वर करता येऊन किती वर्षं झाली, ते मी आठवून बघत होते.

सहावी मी आहे. मी हेच म्हणणार होते. जिन्यात मी ते दोनदा घोकलं होतं. बाहेर ये, हे माझं पाणी आहे, असंही म्हणणार होते. मी दारावर टकटक केली.

पाणी थांबलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. आवाज माझाच होता, पण खूप झोप झालेल्या माणसाचा.

माझं तोंड उघडलं. अकरा वर्षांत त्या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलेलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "होऊ दे निवांत."

आत पुन्हा पाणी सुरू झालं. मी तिथेच उभी होते, धुतलेले कपडे छातीशी धरून. थोड्या वेळाने खालून भावजयीने हाक मारली, ताई, चहा टाकलाय, या लवकर. मी उत्तर द्यायला मान वळवली.

"आलेच," ती आतून म्हणाली, आणि खाली भावजयीला ते नीट ऐकू गेलं असावं, कारण तिने पुन्हा हाक मारली नाही. कडी निघाल्याचा आवाज झाला. मी जिन्यात भिंतीला टेकून बाजूला झाले, कारण जिना अरुंद आहे आणि तिला खाली जायला वाट हवी होती.